पदूच्या टोप्या

माझ्या दुकानाच्या पायरीवर हल्ली संध्याकाळी चार पोरं येऊन बसतात. पायरी माझी, तिच्यावरची सावली माझी, आणि ज्या काचेत बघून ती केस विंचरतात त्या कपाटाची काचही माझीच. केस कानांवरून खाली मानेपर्यंत आलेले. विजारी इतक्या तंग, की बसायच्या आधी उभ्यानेच विचार करावा लागतो. एकाच्या काखेत ट्रान्झिस्टर. पाठमोरी बसली की कोण कुणाचा हे मला ओळखता येत नाही आणि त्यांच्या आयांनाही येत नसावं.

परवा मी त्यांना उठवायला गेलो, तर ट्रान्झिस्टरवाला म्हणाला, "शेठ, रागावू नका. आम्ही काहीतरी नवीन करतोय. पनवेलात आजवर कुणी केलं नाही असं."

माझ्या हातात बादली होती ती मी आपटली. मी आता प्लास्टिकच्या बादल्या विकतो. ती फुटली नाही, नुसती उडत गेली. हल्ली रागावण्यातही मजा राहिलेली नाही.

नवीन म्हणे. ही पोरं दूध पीत होती तेव्हा याच बाजारात एका माणसाने हे केलं, आणि असं केलं की माझा चालता धंदा बसला. त्याचं नाव पद्माकर हिराजी. शाळेत मास्तरांनी पद्माकर लिहिलं, घरी पदू, आणि गावाने ठेवलेलं नाव बोडका पदू. त्याच्याविषयी आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. मी लिहितो, कारण माझा त्याच्यावर राग आहे आणि तो अजून वसूल झालेला नाही.

आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळी पुरुषाने टोपीशिवाय घराबाहेर पडायचं नाही अशी रीत होती. टोपी नसेल तर पागोटं, तेही नसेल तर निदान फडकं. बोडक्या डोक्याने कुणी बाजारातून चालला तर त्याचा एकच अर्थ होता. घरात मयत झालं. समोरचा माणूस स्वतःची टोपी काढून हलक्या आवाजात विचारायचा, "कोण गेलं?"

मी टोप्या विकायचो. पेणकडून पोरका आलो होतो. आधी जत्रांतून बांबूला टोप्या टांगून हिंडलो, मग बंदराच्या रस्त्याला गोणपाट टाकून बसलो, मग हे दुकान झालं. कुणाचा आधार नव्हता, तोंड तेवढं होतं. भाव करण्यात माझा हात धरणारा पनवेलात कुणी नव्हता. कोळणीसुद्धा माझ्याशी घासाघीस करायची तर पाटी खाली ठेवून, पदर खोचून, पाणी पिऊन सुरुवात करायच्या. काळी सर्जची टोपी, मखमलीची, खादीची, सगळं माझ्याकडे होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लोकांना वाटलं देश आपला झाला. मला वाटलं, आता प्रत्येक डोकं माझं.

पदूचा बाप हिराजी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याचं घराणं गव्हाणकडचं, मिठागरातलं. त्याचा बाप डोक्यावर मिठाची पाटी वाहता वाहता गेला. हिराजीनेही पाटी वाहिली, मग मुकादम झाला, मग मिठाचा व्यापार करून पनवेलात कौलारू घर बांधलं. त्या घराण्यात टोपी घातलेला तो पहिला पुरुष. दर दिवाळीला नवी काळी टोपी घ्यायला यायचा आणि आमचं भांडण जुंपायचं. तो मला लुटारू म्हणायचा, मी त्याला मिठातला खडा म्हणायचो. तो उठून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, मी हाक मारायचो, तो परत यायचा, चहा व्हायचा, पुन्हा भांडण. आमच्यात प्रेम होतं ते असं.

पोराला पहिली टोपीही त्याने माझ्याच दुकानात घालून दिली. पदू तेव्हा शाळेत जायला लागला होता. हिराजी आरशासमोर कितीतरी वेळ उभा राहिला. पोराकडे नाही, त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, पदू मॅट्रिक होऊन मोकळा फिरत होता तेव्हा, एका सकाळी तो बोडक्याने बाजारातून गेला. बंदरापासून तळ्यापर्यंत, सावकाश, शेंगा खात. शेंगांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचं डोकं तेवढं सगळ्यांनी पाहिलं, आणि दहा दुकानांत एकदम एकच बातमी झाली. हिराजी गेला.

मी फळी ओढून घेतली आणि निघालो. वाटेत माणसं जमत गेली. बांबूवाल्याने चांगले सरळ बांबू बाजूला काढून ठेवले होते. मागच्या आळीतली एक म्हातारी लांबूनच हिराजीचं नाव घेऊन रडत आली. आम्ही टोप्या हातात घेऊन त्याच्या अंगणात शिरलो, तर हिराजी ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खात होता.

"काय शेट?" तो म्हणाला. "येवढी मानसं कशाला आली?"

शेवटी बांबूवाला म्हणाला, "हिराजी, तू बरा हायस ना?"

"मना काय धाड भरलीय?"

म्हातारीने त्याला जिवंत बघितलं आणि ती थांबली. पण इतक्या लांबून रडत आली होती, ते वाया जाऊ नये म्हणून तिथेच उभी राहून स्वतःच्या नवऱ्यासाठी थोडं रडली आणि परत गेली.

तेवढ्यात पदू आला. हातात शेंगांचा पुडा, केस वाऱ्यावर. अंगणातली गर्दी बघून त्याने विचारलं, "कोण गेला?"

हिराजी हात न धुता उठला. आधी त्याला समजलं नाही. मग त्याने आमच्या हातांतल्या टोप्या पाहिल्या, आणि मग पोराचं डोकं पाहिलं.

"टोपी कुठं हाय तुजी?"

"घरात हाय. डोक्याला वारा लागतो, बा. बरा वाटतो."

"माजा बापूस उन्हान पाटी व्हायचा. त्याच्या डोक्यावर फडका. मना टोपी घालाला आर्धा जलम गेला. आन तू ती काडून बाजारान फिरतस? मी जित्ता असताना?"

"टोपी काडली म्हून कोन मरत नाय, बा."

"मेलो मी," हिराजी म्हणाला. "तुज्यासाठी आजच मेलो. टोपी घालून, बाजारातना, लोकांसमोर या दारान येशील तवा बोलन तुज्याशी."

तो आत गेला. आम्ही अंगणात टोप्या हातात धरून उभेच. आता त्या घालाव्यात की नाही हे कुणालाच कळेना.

लोकांना वाटलं, चार दिवसांत निवळेल. पण हिराजी मिठागरातला माणूस होता, एकदा बोललं की बोललं. पदू त्याच घरात राहिला, परसदारातून ये-जा करू लागला. बाप ओटीवर, पोरगा मागच्या पडवीत, मध्ये स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात पदूची आई. हिराजी तिला म्हणायचा, "त्याला सांग, म्हशीला पानी दाखव." पदू भिंतीपलीकडून ऐकायचा, म्हशीला पाणी दाखवायचा, आणि आईला म्हणायचा, "त्यांना सांग, दाखवला." ती बाई दोघांच्या मध्ये उभी राहून भाकऱ्या थापायची आणि सांगायची काही नाही, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असायचं.

पदूने कधी भाषण केलं नाही. केलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. तो नुसता हसायचा. त्याला एक वाईट खोड होती. ओळखीचा माणूस दिसला की त्याच्या टोपीवर बोटाने टकटक करायचा आणि विचारायचा, "आत कोण आहे?" एकदा माझ्याच दुकानात माझ्याच टोपीवर केलं. मी म्हटलं, "आत मी आहे आणि मी तापलोय." तो म्हणाला, "मग झाकण काढा की शेठ." मी त्याच्या अंगावर मापाचा गज फेकला. तो हसत हसत पळाला. माझ्या टोपीखाली टक्कल आहे, हे त्याला माहीत होतं.

हळूहळू त्याच्यामागे पोरं लागली. रविवारी सायकली काढून कर्नाळ्याला जायची, झाडाखाली आडवी पडायची, माकडांना शेंगा घालायची आणि परत यायची. यात कसली क्रांती होती मला अजून समजलेलं नाही. पण जाताना डोक्यावर टोप्या असायच्या आणि येताना खिशात.

मग एका दिवशी सगळ्यांनी मिळून टोप्या बंदरावरून खाडीत टाकल्या. ओहोटी लागली होती. काळ्या, पांढऱ्या, मखमली, माझ्या हातच्या टोप्या बदकांसारख्या पाण्यावरून निघून गेल्या. मी बंदरावर उभा राहून शिव्या दिल्या. पोरं टाळ्या वाजवत होती. एवढं करून पोरांना एक गोष्ट सुचली नव्हती. जे ओहोटीने जातं ते भरतीने येतं. पुढच्या भरतीला त्या टोप्या गव्हाणच्या बाजूला मिठागराच्या बांधाला जाऊन लागल्या.

मिठागरातल्या बायकांनी त्या गोळा केल्या, वाळवल्या, आणि दाबून दाबून त्यांच्या चुंबळी केल्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मिठाची पाटी. हिराजी मीठ बघायला गेला होता. त्याने बघितलं, समोरून बायकांची रांग येतेय, आणि प्रत्येकीच्या पाटीखाली एक काळी टोपी चेपलेली आहे. तो बांधावर खाली बसला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "शेट, जिथना निगालो तिथंच आली बघा." त्या दिवशी आम्ही भांडलो नाही.

आमच्या शेजारी गंगाराम न्हावी होता. माझं गिऱ्हाईक जसं तुटू लागलं तसं त्याचं वाढलं. डोकी उघडी पडली, म्हणजे केस दिसू लागले, म्हणजे ते कापायला, तेल लावायला, भांग पाडायला हवेत. तो खुर्चीच्या पाठीला टेकून माझ्याकडे बघून मिशीत हसायचा. आता केस मानेपर्यंत आले आहेत आणि गंगारामच्या खुर्चीत दिवसभर गंगारामच बसलेला असतो. मी बादल्या पुसता पुसता त्याच्याकडे बघून हसतो. आम्हा दोघांत आता एवढाच व्यवहार उरला आहे.

पदूला नोकरी लागावी म्हणून त्याच्या आईने देव पाण्यात घातले होते. पेणच्या रस्त्याला तेव्हा एक खासगी मोटार कंपनी गाड्या सोडायची. तिथे तो कंडक्टर लागला. तिथे खाकी गणवेश होता आणि गणवेशात टोपी होती. त्या टोप्या मीच पुरवल्या होत्या. मला वाटलं, सापडला. हिराजीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी तो गाडीच्या वेळेला विनाकारण अड्ड्यावर आला आणि खांबाआड उभा राहिला. पदू गाडीतून उतरला तो बोडकाच. हिराजी आला तसा गेला.

काही दिवसांनी कंपनीच्या साहेबाने वाटेत गाडी थांबवून तपासणी केली. पदू तिकिटं फाडतोय, डोकं उघडं. पुढच्या बाकावर एका म्हातारीने मोठा फणस शेजारी बसवला होता आणि त्या फणसाच्या डोक्यावर कंपनीची टोपी.

"हे काय आहे?" साहेब ओरडला.

"साहेब, नियमात आहे, टोपी ड्यूटीवर असली पाहिजे," पदू म्हणाला. "ती ड्यूटीवर आहे."

"आणि तू?"

"मी पण आहे. दोघं वेगवेगळे बसलोय एवढंच."

म्हातारी मध्येच म्हणाली, "साहेब, टोपीचा भाडा लावू नका हां. फनसाचा दिलाय मी." सगळी गाडी हसली. संध्याकाळी पदूची नोकरी गेली. मग त्याने अड्ड्याजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान टाकलं आणि ते बरं चाललं. बोडक्या पोरांना सायकली लागतातच.

आता दिवाळीचं सांगतो. भांडण झालं त्या वर्षी हिराजी नेहमीसारखा आला. स्वतःच्या टोपीसाठी नेहमीसारखा भांडला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. टोपी कागदात बांधून झाली तरी बसून राहिला. मग त्याने खिशातून एक दोरा काढला. दोऱ्याला एक गाठ होती.

"या मापाची आनखी एक द्या. चांगली. मखमलीची."

"कुणाला?"

"तुमाला काय करायचं? टोपी इका."

मी ओळखलं. पदू दुपारी झोपला की त्याची आई डोक्याभोवती दोरा फिरवून माप घ्यायची. मी मुद्दाम चढा भाव सांगितला. हिराजीने तो मुकाट्याने दिला. मी चिडलो. भाव न करता घेणारं गिऱ्हाईक मला भिकाऱ्यापेक्षा वाईट वाटतं. म्हटलं, "अरे, निदान महाग आहे म्हण." तो म्हणाला, "या टोपीचा भाव नाय करायचा." आणि निघून गेला.

पुढे दर दिवाळीला तसंच झालं. ओटीवरच्या भिंतीला त्याने खुंट्यांची रांग ठोकली आणि पदूची एकेक टोपी तिथे लावत गेला. नवा पाहुणा आला की टोप्या बघून विचारायचा, "घरात पुरुषमाणसं किती?" हिराजी म्हणायचा, "मी येकला." पदूला हे दिसत नव्हतं असं नाही. पण ओटीवर यायचं तर पुढच्या दाराने, आणि पुढच्या दाराने यायचं तर टोपी घालून.

मी एकदा सायकलच्या दुकानात जाऊन त्याला म्हटलं, "तुझा बाप दरसाल तुझी टोपी घेऊन ठेवतो. दगड आहेस का रे?"

तो चाकाला वंगण लावत होता. ते त्याने एकदा फिरवून बघितलं. मग म्हणाला, "त्यांना सांगा शेठ, एकदा बिनटोपीच्या पोराशी बोलून बघा. तोच आहे आत."

शेवटी मीच मध्ये पडलो. आयुष्यभर मी सौदे जमवले. भावाभावांच्या वाटण्या, होड्यांचे व्यवहार, मोडायला आलेली लग्नं. म्हटलं, हा तर एका टोपीचा सौदा आहे. एका वर्षी दिवाळीच्या आधी मी हिराजीच्या घरी गेलो. तो ओटीवर, पदू परसात, आणि मी मधल्या स्वयंपाकघरातून दोघांकडे फेऱ्या मारतोय. पदूची आई चुलीपाशी. ती माझ्याकडे वैद्याकडे बघावं तशी बघत होती.

हिराजीचं मागणं होतं, कायमची टोपी घालावी. पदूचं म्हणणं होतं, कधीच घालणार नाही. मी दोघांना खाली आणत गेलो. हिराजी आला दिवाळीच्या चार दिवसांवर, मग एका पाडव्यावर. पदू आला एका पाडव्याला बापाच्या पाया पडण्यापुरता. भाव जुळत आला होता. मला घाम फुटला होता, पण तो चांगला घाम होता.

"पन बाजारातना घालून आला पायजे," हिराजी म्हणाला. "गावान त्याला बोडका बगितलाय. गावान बगितला पायजे."

परसात पदू म्हणाला, "उंबऱ्याच्या आत घालतो. बासाठी घालीन. गावासाठी नाही."

मी पुन्हा फेऱ्या मारल्या. हिराजीला बाजारातून गल्लीत आणलं, गल्लीतून अंगणात आणलं. तो शेवटी म्हणाला, "तुळशीपासना." पदूला उंबऱ्यावरून बाहेर आणलं. तो म्हणाला, "पायरीपासून." तुळस आणि पायरी यांच्यामध्ये त्यांची म्हैस आडवी बसली तर मावेल एवढी जागा. त्या जागेवर सौदा अडला. मी पाऊल पाऊल मागितलं. एकानेही दिलं नाही. पदूची आई चुलीतून तोंड वर करून म्हणाली, "मी म्हैस बांधते तिथं, मंग तर झाला?" दोघंही आपापल्या जागेवरून हलले नाहीत.

मी भडकलो. दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुम्ही बापलेक नाही, तुम्ही एकच गाढव आहात, घराच्या दोन दारांत उभं असलेलं," आणि निघालो. भाव तुटला की उठून कोपऱ्यापर्यंत जायचं असतं. समोरचा हाक मारतो. मी कोपऱ्यापर्यंत गेलो. सावकाश गेलो, चप्पल झटकायला थांबलोही. कुणी हाक मारली नाही.

त्यानंतरच्या शिमग्याच्या सुमारास हिराजी अंथरुणाला खिळला. आधी पाय गेले, मग नजर गेली. पुढचं मला पदूच्या आईने सांगितलं आहे, तसंच सांगतो. हिराजीला ओटीवरच ठेवलं होतं. दुपारची वेळ होती. त्याने विचारलं, "पदू हाय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ते नाव घेतलं होतं. पदू स्वयंपाकघरातून आला आणि खाटेपाशी बसला. हिराजीला दिसत नव्हतं. त्याने हात उचलला आणि चाचपडत पोराच्या डोक्यावर नेला. हाताला केस लागले. हात तिथे थोडा थांबला. मग त्याने तो काढून घेतला आणि छातीवर ठेवला.

पदू उठला, भिंतीकडे धावला. खुंटीवरची हाताला लागली ती टोपी ओढली. घड्या पडलेली, ताठ झालेली, ती डोक्यात नीट बसेना. ती बसवून तो वळला तोवर बाप गेला होता.

आम्ही जमलो. रीतीप्रमाणे सगळ्यांनी टोप्या काढल्या. ज्यांनी कित्येक वर्षांत घातली नव्हती त्यांनीही उगीच डोक्याला हात लावला. अग्नी द्यायचा म्हणून गंगारामने पदूचं डोकं भादरलं. ते केस, ज्यांच्यासाठी एवढं रामायण झालं, अंगणात तुळशीपाशी पडले. मग पदू उठला, ओटीवर गेला, आणि टोपी घालून बाहेर आला.

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "काड ती. आज नाय घालायची."

पदूने ती नीट केली.

"आरं, आज सगल्यांनी काडायची असते!"

"म्हाईत हाय," पदू म्हणाला.

हातात विस्तवाचं मडकं घेऊन तो पुढे झाला. अंगणातून गल्लीत, गल्लीतून बाजारात, बाजारातून खाडीकडे. मागे सगळं गाव बोडकं, पुढे एकटा पदू टोपी घालून. बाजाराने बघितलं. बापाने जो रस्ता मागितला होता तोच सगळा तो चालला. लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, आजसुद्धा उलटंच.

टोपीचं माप केसांसकट घेतलेलं होतं. भादरलेल्या डोक्यावर ती सैल झाली आणि चालता चालता घसरून त्याच्या डोळ्यांवर आली. दोन्ही हातांत मडकं. त्याला पुढचा रस्ता दिसेना, तरी तो चालतच होता. माझ्या दुकानची टोपी अशी घातलेली मला बघवेना. मी पुढे जाऊन ती वर केली. थोडं चाललो, पुन्हा घसरली. पुन्हा वर केली. खाडीपर्यंत मी तेच करत गेलो.

त्या दिवसापासून पदूने टोपी सोडली नाही. खुंटीवरची एक घालायचा, ती फाटली की दुसरी. केस पुन्हा वाढू दिले नाहीत. सायकलचं दुकान चालू राहिलं, पण टकटक करणं थांबलं. तोवर टोप्याही कुणाच्या डोक्यावर राहिल्या नव्हत्या. जी पोरं त्याच्यामागे बोडकी झाली होती त्यांची आता लग्नं झाली, पोटं सुटली, त्यांची पोरं मोठी झाली. सगळं पनवेल बोडकं झालं आणि, टक्कल झाकणारा मी सोडला तर, त्यात टोपीवाला एकटा बोडका पदू. नाव मात्र तेच राहिलं. नव्या पोरांना त्याचा अर्थ लागत नव्हता. मी टोप्या बंद करून बादल्या ठेवल्या.

गेल्या उन्हाळ्यात तो रस्त्याने चालला होता आणि ही पोरं माझ्या पायरीवर होती. ट्रान्झिस्टरवाल्याने उठून त्याची टोपी उडवली. सगळे हसले. ती रस्त्यावर पडली आणि पुण्याकडे जाणारा ट्रक तिच्यावरून गेला. पदूने ती उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली. मला वाटलं, आता देतो एक. तो पोराजवळ गेला आणि त्याच्या मानेवरच्या केसांकडे कौतुकाने बघत म्हणाला, "छान वाढलेत. घरात ओरडतात का रे?"

"ओरडतात म्हणजे? बाप रोज बोंबलतो," पोरगा म्हणाला. "डोकं उठवलंय म्हाताऱ्याने."

"बोलतो ना तुझ्याशी?"

"थांबतच नाही."

"मग वाढव," पदू म्हणाला. "खुशाल वाढव."

मग तो माझ्याकडे आला. खिशातून दोरा काढला. मळलेला, गाठ तशीच. "शेठ, ही शेवटची होती. एक काढा."

"पदू, मी टोप्या कधीच बंद केल्या. आता कुणी शिवतही नाही."

तो बादल्यांकडे बघत राहिला. मी माझ्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, "ही घे. फुकट नाही, भाव मागाहून ठरवू." त्याने घालून बघितली. माझं डोकं लहान. त्याच्या डोक्यावर ती पेल्यावरच्या झाकणीसारखी बसली. त्याने काचेत बघितलं आणि कितीतरी वर्षांनी पूर्वीसारखा हसला. टोपी काढून मला परत दिली. "नको शेठ. आतला माणूस मावत नाही."

तो भावही राहिला तो राहिलाच. त्यानंतर तो मला दिसला नाही. सायकली विकून गव्हाणला गेला असं म्हणतात.

त्या दिवशी तो निघाला तेव्हा मी पायरीवर उभा राहून बघत होतो. कलत्या उन्हात तो बोडक्या डोक्याने बाजारातून निघाला होता, चुरगळलेली टोपी हातात धरून. पहिल्या वेळी चालला होता तोच रस्ता, उलट्या बाजूने, तळ्याकडून बंदराकडे. दुकानं उघडी होती, ओळखीची माणसं गल्ल्यांवर बसली होती. सगळ्या बाजारात एकानेही त्याला थांबवून विचारलं नाही, कोण गेलं म्हणून.